जेवायला बोलावलेली हरणं

माझी वहिनी ओडिलिया कुणाला जेवायला घालायची ती ओरडून. माझा भाऊ एलिसेओ तिला लग्न करून रानावर घेऊन आला तेव्हा मी शाळेत होते. पहिल्याच दुपारी तिने सैपाकघराच्या दारात उभं राहून गुराख्यांना अशी हाक मारली की आई मला म्हणाली, "ही सून आणलीय का भोंगा?" वहिनीने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने आणखी मोठ्याने हाक मारली.

वाढून झाकून ठेवणं तिला ठाऊकच नव्हतं. हाकेला येईल त्याला तव्यावरची टोर्टिया आणि वाटीभर घेवडा, न येईल त्याने कुत्र्यांशी बोलून घ्यावं. बाकी सगळ्या बाबतीत चिक्कू बाई. कॉफीची पूड दोनदा उकळायची, त्यावरून आमची आयुष्यभर भांडणं झाली. एलिसेओ गेल्यावर मी हेब्रॉनव्हिलमधली खोली सोडून तिच्याकडे राहायला आले. लोकांना वाटलं, नणंद किती प्रेमळ. प्रेम वगैरे काही नव्हतं. दोघींनाही भांडायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

मग ते कोरडं वर्ष आलं. आमच्या दक्षिण टेक्सासमध्ये पावसाने दडी मारणं नवीन नाही, पण त्या वर्षी तो जसा वाटच विसरला. तळ्याच्या जागी चिखल, मग चिखलाच्या जागी भेगा. गवत मुळासकट गेलं. मे-जूनमध्ये हरिणी व्यायल्या आणि त्यांना दूधच नव्हतं. पाडसं दडायला गवत नाही म्हणून उघड्यावर पडून राहायची. कोल्ह्यांना शोधायचेसुद्धा कष्ट पडले नाहीत. हरिणी लांब उभ्या राहून बघायच्या आणि निघून जायच्या. मला त्यांचा फार राग यायचा. वहिनी म्हणायची, "तू काय केलं असतंस? स्वतःचं मांस कापून दिलं असतंस?"

असल्या वर्षी आमच्याकडे गुरं जगवतात ती फड्या निवडुंगावर. तो कधी मरत नाही, पण काट्यांसकट कोण खाणार? म्हणून तो उभा भाजायचा. खांद्याला गॅसची टाकी अडकवायची, हातात लांब नळी, नळीच्या तोंडाशी ज्वाळा. त्या ज्वाळेचा आवाज एवढा मोठा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. काटे चटचट जळतात, फड्या मऊ पडतात. गुरं तो आवाज ओळखतात. नळी पेटली की चारी बाजूंनी धावत येतात आणि विझायच्या आत तोंड घालून नाकं भाजून घेतात. एलिसेओनंतर हे काम वहिनीच करायची. तिच्या हाकेपेक्षा मोठा आवाज रानात तेवढा एकच होता, आणि तोही तिच्याच हातात.

जुलैमध्ये गुरांच्या मागे हरणं दिसू लागली. आधी एकच हरिणी आली, म्हातारी, डावा कान अर्धा तुटलेला. गुरं पुढे सरकली की ती मागचं उरलेलं खायची. मग तिच्या मागून दुसऱ्या आल्या. ऑगस्टमध्ये आम्ही गुरं विकली. ट्रक गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वहिनी टाकी खांद्याला लावून निघालेली.

"आता कुणासाठी?" मी विचारलं.

"सवयीने."

"सवयीने? गॅस काय तुझ्या बापाच्या विहिरीतून येतो?"

"तुझा भाऊ असता तर टाकी उचलायला आला असता."

"माझा भाऊ असता तर टाकी तुझ्या खांद्यावर देऊन झोपला असता, आणि तुला ते पक्कं ठाऊक आहे."

ती हसली आणि गेली. घराच्या मागच्या उतारावर आवाज सुरू झाला. मी खिडकीतून बघितलं. तुटक्या कानाची पुढे आणि सगळा कळप तिच्या मागे, भरदिवसा, पळत. वहिनी पुढे भाजत जायची आणि हरणं तिच्या पाठोपाठ खात यायची. माणसाचा वारा लागला तरी उधळणारी ही जनावरं. त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या रानांत हरणांचे सांगाडे पडले होते. आमच्याकडची बरगड्या मोजाव्यात अशी झाली, पण उभी होती. वहिनी रात्री हाताला मलम लावत म्हणायची, "आज चार नवीन आली ग." मला कुरकुर करायची सवय म्हणून मी कुरकुर केली. पण दुपारी दुसरी टाकी गाडीतून मीच आणून द्यायचे.

आमचं रान नोव्हेंबरपासून शिकारीला भाड्याने जायचं. ते एलिसेओनेच सुरू केलं होतं. बरीच वर्षं घेणारा एकच, सॅन अँटोनिओचा दाताचा डॉक्टर, प्रुइट नावाचा. वाईट माणूस नव्हता. येताना गोड पाव आणायचा, फाटक बंद करायला विसरायचा नाही, माझी दाढ फुकट काढून दिली. ऑक्टोबरमध्ये तो मचाण नीट आहे का बघायला आला. मचाणावरून त्याला वहिनी दिसली, आणि तिच्या मागची हरणं. खाली उतरून सैपाकघरात आला तो टोपी हातात धरून.

"मिसेस ट्रेविन्यो, तुम्ही तर जादू केलीत. त्यात एक नर होता, तो मी आजवर फक्त पावलांवरून ओळखतो. पहिल्या दिवशी तेवढं माझ्या मचाणासमोर भाजाल का?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"मी गॅसचे पैसे देईन."

"कॉफी घ्या, डॉक्टर."

मी ओठ आवळून कॉफी ओतली. अर्थात दोनदा उकळलेली.

हंगामाच्या पहिल्या सकाळी वहिनी पीठ मळत होती आणि रानातून आवाज आला. तोच. तिने पिठातून हात वर काढले.

"बेलिया, आपली नळी छपरात आहे ना ग?"

मी जाऊन बघितली. छपरातच होती. परत दारात पोचते तोवर गोळी वाजली. मग आवाज बंद झाला.

डॉक्टरने स्वतःची नळी विकत आणली होती. दुपारी तो नर दाखवायला घेऊन आला. गाडीच्या मागच्या फळीवर पसरलेलं थोर जनावर, पाठीवर चरबी नावाला नाही, आणि तोंडात अजून हिरवा घास. डॉक्टरने पाठीचं मऊ मांस कापून कागदात बांधून वहिनीपुढे धरलं. "हे तुमचं. तुमच्यामुळेच मिळाला."

एक सांगते. आम्ही हरिण खाणारी माणसं आहोत. नाताळचे तमाले, मक्याच्या पिठात सारण भरून उकडलेले, आमच्याकडे हरणाच्या मांसाचेच व्हायचे, आणि एलिसेओपेक्षा वहिनीचा नेम चांगला होता. ज्या घरात कुणी दिलेलं अन्न परत करत नाहीत त्या घरात त्या दिवशी तिने मांसाला हात लावला नाही.

"जेवायला बोलावून गोळी घातलीत," ती म्हणाली.

डॉक्टर गोंधळला. "पण मका उधळणारे ते खडखडते डबे तर आम्ही दरवर्षी लावतो. त्यावर मारतो, ते तुम्हाला चालतं."

"मक्याच्या डब्याचा आवाज तुमचा. हा माझा आहे."

"मॅडम, रागावू नका, पण या वर्षी ती तशीही मरणार आहेत. कळप कमी करा असं सगळेच सांगतायत. पुढच्या शनिवारी माझे मित्र येतायत, आम्ही माद्याही काढणार आहोत. उपाशी मरण्यापेक्षा ते बरं नाही का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर वाईट. आणि करार सहीचा होता, आणि गुरं गेल्यावर त्या वर्षी घर त्या भाड्यावरच चालणार होतं. वहिनी भांडी घासत बसली, आधीच घासलेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने एलिसेओची बंदूक काढली. मला म्हणाली, "तू नळी धर. बंद करायची नाही. काही झालं तरी बंद करायची नाही."

"वहिनी, काय करणार आहेस?"

"आवाज आला की पळायचं, हे हरणांना शिकवायचंय. शनिवारच्या आत."

मी टाकी खांद्याला लावली. उतारावर गेलो, मी पेटवली. हरणं आली. तुटक्या कानाची नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे, माझ्यापासून अंगणाएवढ्या अंतरावर, आणि मी वहिनी नाही याचीही तिला फिकीर नव्हती. आवाज ओळखीचा होता ना. तिने भाजलेल्या फडीत तोंड घातलं आणि वहिनीने तिच्या मानेवर गोळी झाडली.

मला वाटलं होतं बाकीची उधळतील. नाही उधळली. दचकून चार पावलं मागे गेली आणि थांबली, कारण आवाज चालू होता, आणि या आवाजात इतके दिवस, ती एक सकाळ सोडली तर, काही वाईट झालं नव्हतं. दोन लहान हरणी तर पुन्हा पुढे येऊन खाऊ लागल्या, पडलेलीच्या शेजारी. तेव्हा वहिनी बंदूक हवेत उडवत त्यांच्यावर धावली. "पळा! पळा ग, मेल्यांनो! जा!" जेवायला बोलावायचा तोच तिचा आवाज. मी रडत होते आणि नळी चालू ठेवली होती. शेवटी हरणं गेली.

त्या हरिणीचं मांस आम्ही खाल्लं. टाकायचं कसं? वहिनीने मीठ जास्त घातलं आणि मी काही बोलले नाही. लग्न होऊन ती आल्यापासून पहिल्यांदाच.

शनिवारपर्यंत रोज गेलो. दुसऱ्या दिवशी थोडी आली, लांब उभी राहिली, तिने त्यांच्या पायांपुढच्या मातीत गोळ्या घातल्या. नंतर नळी पेटली की झाडीत फक्त पळण्याचा आवाज. शनिवारी डॉक्टर आणि मित्रांनी दिवसभर भाजलं. टाक्या संपल्या. झुडपातून एक ससासुद्धा आला नाही. संध्याकाळी चौघे काळवंडलेल्या तोंडाने आमच्या ओसरीवर बसले. वहिनीने त्यांना कॉफी दिली, चेहरा असा की जणू देवळातून येतेय.

"शहाणी झाली हो हरणं," डॉक्टर म्हणाला.

"असं का?" वहिनी म्हणाली.

ते गेल्यावर मी टेबलावर डोकं टेकून हसले. हंगाम संपेपर्यंत त्यांना एकही मादी मिळाली नाही. नाताळचे तमाले आम्ही डुकराचे केले आणि मी तिला म्हटलं, "जिंकलीस ग भोंग्या." ती म्हणाली, "जानेवारी येऊ दे. हंगाम संपला की मी त्यांना पुन्हा बोलावते."

जानेवारीच्या मध्याला शिकार बंद झाली. दुसऱ्याच दिवशी तिने टाकी उचलली. मी बरोबर गेले. नळी पेटली आणि उताराखालच्या झाडीतून काटक्या मोडल्याचा आवाज दूर दूर गेला. तिने तरी भाजलं, बराच वेळ. मग विझवून आम्ही घरी येऊन बसलो, म्हणजे माणूस दिसू नये. सकाळी भाजलेला निवडुंग तसाच, एका कोपऱ्यात रानडुकरांनी तेवढा उसकलेला. तिने जागा बदलली. तळ्याच्या बाजूला गेली, मग कुंपणाशी. कुठेही जावं, जळक्या फडीच्या वासालासुद्धा हरणं उभी राहीनात. मग तिने नळी ठेवून दिली आणि सुरी घेतली. खाली बसून एकेक फडी सोलायची, मुकाट्याने. दिवसभरात पाटीभर व्हायचं. हातांची चाळण झाली. मी म्हटलं, "कळप आहे ग तो, पाटीने पुरतो का?" ती म्हणाली, "सोल तू पण, तोंड कमी चालव." मी सोललं. तेही कुणी खाल्लं नाही. आमच्या हातांचा वास त्यांना पुरेसा होता.

फेब्रुवारीत थंडीची लाट आली आणि हरणं मरायला लागली. गिधाडं कुठे उतरतात ते बघून आम्ही जायचो. एक दिवस कुंपणाजवळ त्या दोन लहान हरणींपैकी एक सापडली. अजून गिधाडांनी गाठली नव्हती. समोर दहा पावलांवर वहिनीने आदल्या दिवशी भाजलेला निवडुंग मऊ होऊन पडला होता, तोंड न लावलेला. ती मेली होती ती कच्च्या निवडुंगापाशी.

वहिनी गुडघ्यांवर बसली. तिने हरिणीचा जबडा उघडला. जीभ सुजून काळी पडली होती, टाळू, हिरड्या, ओठांची आतली बाजू, सगळीकडे काटे. बारीक, केसासारखे, आणि मधूनमधून मोठे.

"हुशार होती ग," वहिनी म्हणाली. "एकदाच शिकवलं, पण विसरली नाही."

मग तिने हरिणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि नखांच्या चिमटीत धरून काटे उपसायला लागली. एक काढायची, परकराला पुसायची, दुसरा धरायची.

"वहिनी, मेलीय ती. चल घरी."

"दिसतंय मला," ती म्हणाली. "बाजूला हो, उजेड अडवू नकोस."