सायन्सच्या वर्गात बोडी

भिलाईत पोलाद कारखान्याच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या, तेव्हा मी दुर्गच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो. आम्हाला ‘जनरल एज्युकेशन’ नावाचा एक सक्तीचा विषय होता. गाव, समाज, इतिहास, सगळ्याची मिसळ. हा निव्वळ वेळेचा सत्यानाश आहे, असं मीच एकदा जेवताना बरळलो. अवदसा आठवली, दुसरं काय!

बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे धान पिकवणारे शेतकरी, आता प्लांटमध्ये रिगर. चेनपुलीने अवजड लोखंड वर चढवायचं काम. ते ताटावरच कडाडले, “फिटर फिटिंग करते, वेल्डर वेल्डिंग करते. मंग सायन्सवाल्या पोट्ट्याले गावाचं कावून शिकवून राहिले? सोमवारी अप्रेंटिसचा फॉर्म भर. कॉलेज बंद!”

मला कॉलेज हवं होतं. पण बोलणार कोणत्या तोंडाने?

शनिवारी दुपारच्या शिफ्टला जाण्याआधी बाबा हेल्मेट-बुटांसकट थेट वर्गात आले, प्राध्यापकांना जाब विचारायला. तास चालू होता म्हणून मागच्या बाकावर बसले. मी मान वहीत खुपसली. प्राध्यापक हिंदीतून खेड्यातलं पाणीवाटप समजावत होते. बाबांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं, हाच विक्रम. मग उठलेच.

“मास्टरजी, ऐसा नहीं होता. हमारे उधर बोडी रहती, छोटा तालाब. उसका पानी पहले आखरी खेत को देने का. नहीं तो ऊपरवाला पानी ले के सो जाता!”

वर्ग खो खो हसला. प्राध्यापकांनी मात्र खडू त्यांच्या हाती दिला. बाबांनी फळाभर बांध काढले, कोणाची पाळी कधी ते सांगितलं. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मघाची लाज जाऊन मला त्यांचा भारी अभिमान वाटला.

बाहेर येऊन म्हणाले, “विषय चांगला हाये. मास्तरले अजून लय शिकाचं हाये. तू जात जा.”

वार्षिक परीक्षेत नेमका पाणीवाटपावर प्रश्न आला. तपासणाऱ्याला बोडी काय कळणार, म्हणून मी पुस्तकातलंच उतरवलं.

घरी बाबांनी विचारलं, “आपल्या बोडीचं लिवलं ना?”

“लिवलं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लांटमधल्या आपल्या अख्ख्या गँगला चहा पाजला. मी पास झालो. नापास होऊनही मला इतकी शरम वाटली नसती.