दोन डोंगर आणि एक मेंढी

आता काय सांगू तुम्हाला! स्वतःची फजिती सांगायची म्हणजे आधी चार घोट चहा घशाखाली जायला हवा. गेला? ऐका मग.

एकाहत्तर साल असेल. नगरचं कॉलेज मी मध्येच सोडलं. प्राध्यापकांनी पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचायचं, आम्ही उतरवून घ्यायचं. हे शिक्षण? आलो निघून पुणतांब्याजवळ आमच्या गावी. घरी वडील जेवणाआधी शिव्या वाढायचे.

तेवढ्यात शाळेच्या हेडगुरुजींचा निरोप आला. "तुझा हात बरा हाय. पोरांना चित्रकला शिकव. शनिवारी साहेब तपासणीला यायचेत. खूश झाले तर ठेवून घेऊ. न्हाईतर हायेतच बापाची गुरं!"

शाळेत गेलो तर फळ्यावर काय? दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, शेजारी नारळाचं झाड. याच शाळेत असताना मी काढलं तेच, माझ्या थोरल्या भावानं काढलं तेच!

"गुरुजी, आपल्याकडं नारळ फक्त मारुतीपुढं फुटतो. झाड बघितलंय कुणी? आणि डोंगर कुठायत? नजर जाईल तिथवर ऊस!"

"लई शहाणा! आधी ते दोन डोंगर तरी नीट काढून दाखव."

म्हाताऱ्यांचं हे असंच. स्वतः खिडकीबाहेर बघायचं नाही आणि दुसऱ्यानं बघितलं की पोटात दुखतं!

शनिवारी सकाळी पोरांना बाहेर काढलं. रंग घरचेच, गेरू आणि कपड्यांची नीळ. कागदाचा मात्र पत्ता नाही. शेजारच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली, दोन धनगरांची, बिरूची आणि म्हाकूची. दोघंही लिंबाखाली घोरत होते.

"गुरुजी, काढायचं कशावर?" तिसरीतल्या सखूनं विचारलं. पोरगी मिरचीसारखी तिखट!

मी पांढऱ्या मेंढीकडं बोट केलं. "हा काय कागद चरतोय!"

झालं! पोरं तुटून पडली. "आधी बघा, मग काढा! जे दिसतं तेच!" मी ओरडतोय. कुणी विहीर काढली, कुणी बैल, कुणी आजीची नथ. मेंढ्यांना मिशासुद्धा फुटल्या! मला काय राहवतंय? मीही एक मेंढी धरली.

बिरू जागा झाला. त्यानं म्हाकूला गदागदा हलवून उठवलं. "आरं देवा! माजी कंची आन् तुजी कंची?"

तेव्हा मला कळलं. पाठीवरचा लाल ठिपका बिरूचा, निळा म्हाकूचा. त्याच ओळखीवर दोन कळप चालायचे, आणि आम्ही तीच बुजवली होती.

"माजी मेंढी सोड!"

"तुजी कशावरनं? मिशीवरनं?"

काठ्या वर गेल्या. नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आली, मागोमाग हेडगुरुजी धावत आले. आता कसली नोकरी? मी मनातल्या मनात गुरं वळायलाही लागलो.

"थांबा की!" सखू मध्ये घुसली. "माज्या विहिरीखाली लाल हुतं!"

"माज्या बैलाखाली निळं!"

"माज्या नथीखाली लाल!"

पोरांनी आपापलं चित्र कानाला धरून ओढत नेलं. लाल इकडं, निळं तिकडं. काठ्या खाली आल्या. साहेब मेंढ्यांमधून प्रदर्शन बघत फिरले. "वा! काय नजर आहे मुलांची! कुणी शिकवलं?"

माझी छाती शर्टात मावेना. हेडगुरुजींकडं असं बघितलं, की बघा म्हणावं!

पण मधोमध एक मेंढी उरली होती.

"ही कुणाची?" म्हाकूनं विचारलं.

ती मी रंगवलेली! तिच्या पाठीवर काय होतं? लाल? निळं? देवाशपथ, मी बघितलंच नव्हतं!

"बिरूकाकांची," सखू म्हणाली. "लाल हुतं. गुरुजी, तुमी न बघताच रंगवायला लागला."

हेडगुरुजी चष्मा सावरत वाकले. दोन डोंगर. मधून सूर्य. खाली झोपडी.

"आन् नारळ पोटाकडं हाय!" पोरं ओरडली.

म्हातारा गालात हसला.

"साहेब, ठेवून घ्या याला. पोरांना बघायला शिकवंल. आन् डोंगर तर माझ्यापरीस झ्याक काढतोय!"