दाजीबांचं शेवटचं वाक्य

“काका, आतमधी काय खोटं बोलून आले तुमी? माय कुठी जाईन आता?”

धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्यांवर गोदाबाईची लेक ओरडत होती, अन् मी — ज्याच्या एका हाकेनं इंझोरीच्या फाट्यावरून निघालेली एसटी मागे येते, तो मी — चप्पल शोधत होतो. चप्पल पायातच होती. त्या दिवशी आत मी काय केलं, हे बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो. पण सरळ येईल का तोंडातून? पाहतो.

गोदाबाई आमच्या देवीची दिवाबत्ती करायची, देवळाच्याच खोलीत राहायची. देऊळ बांधलं दाजीबांनी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्यांना दवाखान्यात नेताना त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. म्हणाले, “गोदीले खोलीतून काढू नका.” एवढंच, अन् वाटेतच गेले. ऐकणारा मी एकटा.

पण एवढंच सांगितलं तर मी कसला? पारावर दरवेळी भर घातली — ट्रॅक्टर आपोआप थांबला, आडवा नाग आला, नागानं मान डोलावली! गाव हसायचं, पुन्हा सांगायला लावायचं.

मग विश्वस्तांना त्या खोलीचं दुकान करायचं सुचलं. परवानगीसाठी धर्मादाय कार्यालयात अर्ज गेला, गोदाबाईनं हरकत घेतली. तिचा साक्षीदार — मी. विश्वस्तांच्या वकिलानं पहिलंच विचारलं, “नागही होता का हो?” सगळे हसले. नाग काढून टाकायचा अन् वाक्य ठेवायचं, इतकंच तर होतं. समोर गोदाबाई पदर चावत बसली होती. मी शपथेवर म्हणालो, “साहेब, सगळंच रचलेलं हाय.”

घाबरलो म्हणून? नाही. थट्टा झाली म्हणून? — छे, थट्टेवर तर मी जगतो. आदल्या दिवशीच देवस्थानच्या अध्यक्षांनी मला विश्वस्त करायचा शब्द दिला होता. अन् नागाचा तो प्रश्न — तो मीच त्यांना सुचवला होता.

आता मी विश्वस्त आहे. आरतीला पुढे उभा राहतो. कोणी दाजीबांचं नाव काढलं, की हातातलं ताट खडखड वाजायला लागतं. लोकांना वाटतं, माझ्या अंगात येतं.

मागे एकदा प्रसादाचं निमित्त काढून मालेगावला गेलो, खोली सुटल्यापासून गोदाबाई लेकीकडे राहते तिथं. सगळं बोलायचं ठरवूनच गेलो होतो. तोंडातून निघालं ते, “करमते का इथं?”

गोदाबाई म्हणाली, “जावयाचं घर हाय. खोकला आला तं बाहेर जा लागते.”