अण्णा ‘बड्या पोर्टचे बादशहा’ नव्हेत

काल समितीचं पाकीट आलं. आत केशवअण्णांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाचं नमुना मुखपृष्ठ आणि लेखासाठी विनंतीपत्र. तिकीट कमी लावलेलं, म्हणून वरचे दहा रुपये पोस्टमनला मी दिले. ते गेले तर गेले. माझा राग आहे तो मुखपृष्ठावरच्या ओळीवर: ‘बड्या पोर्टचे बादशहा’.

अण्णांची माझी ओळख भांडणातून झाली. नवीन जालन्यात त्यांचं वर्कशॉप आमच्या भिंतीला लागून. मी पोथीला बसले की तिकडं हवा मोजायचं मशीन घुमायचं. मी जाऊन बोलले. त्यांनी बटण बंद केलं. “ताई, पोथी संपल्यावर घंटी वाजवता ना? मंग घंटीनंतर चालू करतो.” आजतागायत घंटीआधी ते मशीन घुमलेलं नाही. पुढं त्यांचा जमाखर्च माझ्याकडं आला, तसं त्यांचं कामही थोडं कळू लागलं.

शर्यतीच्या मोटारसायकलींच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, अण्णा घासून देतात. पोर्ट म्हणजे त्या हेडमधली हवा आत जायची वाट. एकदा जाफराबादचे एक गाडीवाले आले.

“अण्णा, पोर्ट लई मोठा करा. खर्चाची फिकीर न्हाई.”

“ताकद किती पाहिजे?”

“जास्तीत जास्त.”

“हा काय आकडा झाला? पोरगी बघायला गेल्तास तव्हा जास्तीत जास्त पोरगी दाखवा म्हणलास का?”

आकडा मिळाल्यावर तेवढ्या ताकदीला किती हवा लागेल ते अण्णांनी काढलं, मोजत मोजत घासलं आणि हात थांबवला. “आता बराबर आहे. अजून मोठं केलं तर हवा सुस्त होईल. गाडी लाईनीवरून उठणार न्हाई.” मला चुलीची फुंकणी आठवली. ती रुंद नळाची असती तर माझा जाळ कधी पेटलाच नसता.

गाडीवाल्यांना पटलं नाही. त्यांनी दुसरीकडून पोर्ट वाढवून घेतला आणि शर्यतीत गाडी सुटतानाच मागं पडली. हेड घेऊन ते परत आले, तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, “जेवलास का? ठेव इथं, भरून देतो.” आणि वाढवलेली वाट लेप भरून पुन्हा अरुंद करून दिली.

अशा माणसाला बड्या पोर्टचे बादशहा म्हणता? हा ग्रंथ गॅरेजा-गॅरेजांत जाईल. शिकणारी मुलं ती ओळ वाचतील आणि अण्णांचंच नाव घेऊन हेडं बिघडवतील.

अण्णांना नमुना दाखवला, तर ते हसले. “छापू द्या ताई. लोकायला मोठंच आवडतं.”

त्यांना चालेल. मला बिलकुल चालणार नाही.

अण्णांची तब्येत ठणठणीत राहो आणि माझ्या घंटीनंतर ते मशीन अजून पुष्कळ वर्षं घुमत राहो, हे मी पोथीपुढं रोज मागते. समितीकडं मागणं एकच: ती ओळ काढून ‘बराबर हवेचे अण्णा’ छापा. बदलली की नाही ते उलट टपाली कळवा. आणि तिकीट तेवढं बराबर लावा.