‘ग्रो’ शिकवणारे मास्तर

‘ग्रो’ हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. शब्दाचा काही गुन्हा नाही. राग आहे तो शिकवणाऱ्यावर.

शिरपूरच्या शाळेत आठवीला इंग्रजी सुरू झालं. मास्तर तरुण, धुळ्याहून आलेले, शब्दांचं भलतंच वेड. ‘ग्रो’ म्हणजे वाढणं, एवढ्यावर त्यांचं भागेना. म्हणाले, ग्रास, ग्रीन आणि ग्रो हे एकाच मुळातून आलेले; ‘ग्रो’ म्हणजे आधी नुसतं हिरवं होणं. जुने इंग्रज तो शब्द बहुतेक झाडापाल्यासाठीच वापरत. माणसं वाढली तर त्यांच्यासाठी वेगळं क्रियापद होतं, ‘वॅक्स’.

“मग माणसांना ‘ग्रो’ कधीपासून म्हणायला लागले?” मी विचारलं. मास्तर जाम खूश. “अशीच विचारत राहा. तू मॅट्रिक होणार!” तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. मला मॅट्रिक व्हायचंच होतं.

वर्ष संपायच्या आत मी ‘मोठी’ झाले. आमच्या घरात त्याची रीत ठरलेली. फुई, म्हणजे वडिलांची बहीण, लुगडं घेऊन यायची. ते नेसलं की परकर सुटायचा आणि शाळाही. फुई आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, “पोर मोठी व्हयी गयी. आते शाया पुरे.” वडील, आमचे नाना, कपाशीच्या शेतातून नुकतेच येऊन जेवायला बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. माझ्या शाळेचा निकाल भाकरी मोडता मोडता लावला त्यांनी!

“लुगडं नेसीसन शायामा जावानं नही, अशं कोनी सांगं?” मी ओरडले.

नाना वैतागले. “मास्तरले इचार. तो हा म्हने ते जाय.”

मी मनात म्हटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी काष्टा सावरत वर्गाच्या दारात उभी राहिले. पोरं खिदळली. मास्तर फळ्याकडून वळले, मला पाहिलं आणि चटकन नजर खाली घातली.

“सर, तुम्ही हो म्हणालात तर नाना शिकू देतील.”

त्यांनी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. इंग्रजीत, मराठीत, कशातही. शब्दांची मुळं खणत बसणाऱ्या त्या शहाण्याला तेवढंही जमलं नाही. हातातला खडू झटकत ते म्हणाले, “बाई, तुम्ही आता घरी जा.”

आदल्या दिवशीपर्यंत ते मला ‘पोरी’ म्हणत होते.