दर पाचवी खोली

संशोधन-पद्धती हा विषय मी आयुष्यभर शिकवला, आणि बरा शिकवला असं लोक म्हणतात. नमुना कसा निवडायचा, प्रश्न कसा विचारायचा, उत्तरात आपलं मत कसं घुसू द्यायचं नाही, हे सगळं मी फळ्यावर नीट मांडून सांगायचो. माहिती देणाऱ्याचं नावगाव गुप्त ठेवायचं, या मुद्द्यापाशी आलो की मात्र दोन वाक्यांत उरकायचो आणि पुढचं प्रकरण काढायचो. मुलांना वाटायचं, हा भाग सोपा असणार.

मी स्वतः हे शिकलो पन्नासच्या दशकात, एम.ए.ला असताना. आमचे सर कडक. त्यांचा एकच धाक होता: घरी बसून भरलेला एक जरी फॉर्म सापडला, तरी सगळा गठ्ठा रद्दीत. नुसती धमकी नव्हती ती. माझ्याच वर्गातल्या एकाने इराण्याकडे चहा पीत चार फॉर्म मनाने भरले. सरांनी ते बरोबर हुडकले आणि त्याचं सगळं काम नापास केलं. त्याचं वर्ष गेलं आणि तो परत कॉलेजात आला नाही. आम्ही बाकीचे सुतासारखे सरळ झालो.

माझ्या वाट्याला मुलुंडच्या एका कारखान्याच्या कामगार चाळी आल्या. एका खोलीत नक्की किती माणसं राहतात, हे शोधायचं होतं. कारखान्याने परवानगी दिली होती. पद्धत साधी होती. जिन्यापासून मोजायला लागायचं आणि दर पाचव्या खोलीचं दार ठोठावायचं. दार उघडणारी व्यक्ती खडूस वाटली म्हणून शेजारच्या खोलीत जायचं नाही. फॉर्मवर खोलीचा नंबर घालायचा, म्हणजे पुढे कोणाला पडताळा घेता येईल.

चाळीचा नियम असा होता की खोलीत कामगार, त्याची बायको आणि मुलं, एवढीच राहायची. तो नियम कोणी पाळत नव्हतं हे चाळीच्या भिंतींनाही ठाऊक होतं. पण विचारलं की प्रत्येक घर पाच किंवा सहा सांगायचं. जास्तीची माणसं दिसली तर ती पाहुणी. दोन आठवडे मी पाच-सहा, पाच-सहा लिहीत होतो आणि मनातून चिडत होतो.

मग दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आली. दारात चाळिशीची एक बाई तांदूळ निवडत बसली होती. नवरा भट्टीवर कामाला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, तिने नेहमीचं उत्तर दिलं. पाच. मी पेन टेकवलं, एवढ्यात तिने मला विचारलं, "तुझो गाव खंयचो रे झिला?"

मी कुडाळकडचा. घाटकोपरला जन्मलो, बोलायचो शहरातलं, पण गाव विचारलं की सांगायचो. तिचं माहेर आमच्या शेजारच्या गावचं निघालं. माझ्या आजोळचं घर तिला माहीत होतं. तिने सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन चहा केला आणि कपबशी माझ्या हातात देताना म्हणाली, "आता तुका कित्या खोटा सांगू? अकरा माणसां आसत."

नवरा-बायको, तीन मुलं, आणि गावाकडून आलेले सहा तरुण. ते दुसऱ्या गिरण्या-कारखान्यांत लागले होते. तीन दिवसा झोपायचे, तीन रात्री, त्यातले दोघे गॅलरीत. सगळ्यांचं जेवण ही करायची. वळकट्या शेजारणीकडे ठेवायची. मी सगळं लिहून घेतलं, 'शेरा' या रकान्यात बारीक अक्षरात, कोण कुठे झोपतं तेसुद्धा.

"कोणाक सांगू नको हां," ती म्हणाली.

"हे गुप्त असतं, काकी," मी म्हणालो.

त्या दिवशी मी हवेत होतो. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला खरं उत्तर मिळालं होतं. ते मला नाही, आमच्या गावाला मिळालं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी ते माझं कौशल्य समजलो. पुढे त्याच युक्तीने मी आणखी आठ-दहा घरं बोलती केली.

फॉर्मचा गठ्ठा वाढत गेला. आमच्या दोन खोल्यांच्या घरात कागद टिकणं अवघड. धाकटी भावंडं त्यावर चित्रं काढायची, आई हाताला लागेल तो कागद शेगडी पेटवायला घ्यायची. कारखान्याच्या चाळ-ऑफिसातले हेडक्लार्क गृहस्थ होते, माझ्या वडिलांच्या वयाचे, धुवट कपडे, टोपी, चष्मा. अगदी वडिलांसारखेच. ते एकदा म्हणाले, "अहो, रोज हे ओझं कशाला वागवता? आमच्या कपाटात ठेवत जा." मी ठेवत गेलो. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. आमच्यासारख्या घरांत एक ठाम समजूत होती की सुशिक्षित माणूस दुसऱ्याचे कागद वाचत नाही. चाळीतला माणूस वाचेल, त्याला रीत कुठली, असं वाटायचं. चाळीतल्या माणसाला वाचताच येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

महिनाभराने, एका रविवारी दुपारी, काकी आमच्या घरी आली. घर शोधत एकटी आली होती. हातात कारखान्याचं पत्र होतं. खोलीत परवानगीशिवाय अकरा माणसं राहतात, त्यातली दोन गॅलरीत झोपतात, सबब खोली महिन्याअखेर रिकामी करावी. मी पत्र वाचलं. ती भाषा जवळजवळ माझीच होती.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती आईने दिलेला चहा प्यायली, आणि आई आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "तू लिवलंस ता लिवलंस. आता माझ्यावांगडा येऊन त्यांका सांग, चुकान लिवलंय म्हणान. तुझा ते ऐकतले. माझ्या चेडवाची शाळा आसा रे हय."

"उद्या येतो, काकी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो आणि आडून सरांना विचारलं, एखादा फॉर्म चुकून भरला गेलाय असं आपणच कोणाला सांगितलं तर? सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग बाकीचे बरोबर आहेत हे मी कशावरून धरायचं?" कपाटाचं मी त्यांना सांगितलंच नाही. इराण्याकडे बसलेला तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी त्या दिवशी मुलुंडला गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या शब्दाला कारखाना थोडाच भीक घालणार आहे, असं मी स्वतःला सांगत राहिलो. कदाचित ते खरंही असेल. पण मी घाबरलो होतो आणि मला वर्ष घालवायचं नव्हतं, एवढंच त्यातलं खरं. महिना संपेपर्यंत मी आईच्या नजरेला नजर दिली नाही.

परीक्षेच्या आधी पडताळणी झाली. दर दहावा फॉर्म घेऊन त्या त्या खोलीत पुन्हा जायचं, आणि या वेळी सर बरोबर. त्यांत काकीचाही फॉर्म आला. सरांबरोबर गेलो. खोलीत दुसरंच कुटुंब होतं, नवराबायको आणि तान्हं मूल. सर गॅलरीच्या टोकाला कोणाशी तरी बोलत थांबले होते, म्हणून मी शेजारणीला विचारलं.

"गेली ती पोरांना घेऊन गावाला," ती म्हणाली. "पोरीची शाळा सुटली. नवरा इथंच कुणाच्या तरी पडवीत झोपतो." मग तिची नजर माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे गेली. तिने दार लावून घेतलं.

सर जवळ आले. मी फॉर्म मागच्या बाजूला वळवला आणि लिहिलं, 'कुटुंब स्थलांतरित'. सरांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"कारण?"

"कळलं नाही, सर."

"मग तसं लिहा."

मी लिहिलं, 'कारण : अज्ञात'. माझ्या सगळ्या फॉर्ममध्ये मी जाणूनबुजून लिहिलेलं खोटं तेवढंच. त्याच्याखाली सरांनी 'पडताळले' म्हणून सही केली. मला त्या वर्षी पहिला वर्ग मिळाला.