परत मागितलेली पावडर

आमच्या लष्करी छावणीमागच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या ताई पोषणाच्या पावडरीचं पाकीट फोडलं की पहिली चिमूट स्वतःच्या तोंडात टाकायच्या. त्याशिवाय आयांचा विश्वास बसत नसे.

दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात वरून निरोप आला, पावडरीत जंतू असतील, सगळी परत घ्या. ताई दारोदार निघाल्या. मी त्यांची मदतनीस, परत घेतलेल्या पाकिटांची पिशवी धरायला सोबत होते. मेंढरं विकून शहरात आलेली एक बाई पाकीट सोडेना.

"उकळून देते ना ताई. लेकरू दुसरं काहीच खात नाय."

"आजारी पडंल ना गं!"

"अन् उपाशी ठेवलं तर?"

ताईंनी पाकीट हिसकावलं आणि तिनं पुन्हा ओढून घेऊ नये म्हणून तिथंच नालीत ओतलं.

"नवं कधी येईल?" बाईनं विचारलं.

ताईंना ते कुणीच सांगितलं नव्हतं.